न दाखवलेला आरसा

नगरच्या त्या दवाखान्यात कानामागच्या गाठीचं ऑपरेशन म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. पुण्याचे सर्जन महिन्यातून एकदा येत. बाकी सगळा भार कानाचे डॉक्टर हेमचंद्र यांच्यावर. गाठ असते ऐकण्याच्या नसेवर, म्हणून आधी त्या बाजूचा कान जातो; आणि तिला खेटूनच चेहऱ्याची नस. ती दुखावली की अर्धा चेहरा लुळा. "माझं तोंड वाकडं व्हईल का?" प्रत्येक रोगी एवढंच विचारी. उत्तर सापडावं म्हणून हेमचंद्र गाठीचा आकार, नसेची अवस्था, सगळं वहीत टिपत. १९७२ साल उजाडेपर्यंत वही भरत आली, तरी निम्मे अंदाज चुकतच होते.

चुकत नव्हता तो भिमाजी न्हावी. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तो रोग्याचं डोकं भादरी, दाढी करी आणि शेवटी आरसा दाखवी. काहींना मात्र दाखवत नसे. हेमचंद्रांनी गंमत म्हणून तेही टिपायला घेतलं. अकरा रोगी झाले. ऑपरेशननंतर चौघांचे चेहरे लुळे पडले होते, आणि आरसा न पाहिलेले तेच चौघे.

"तुला कसं कळतं, भिमाजी?"

"मला काय कळतंय, साहेब? हातच वर हुईना, त्याला मी काय करू?"

मग कर्जतचा गोरक्ष गुरव आला. देवळात सनई वाजवायचा. ओठच ढिले पडले तर फुंकणार कशानं? भिमाजीनं त्याची दाढी उरकली आणि आरसा फडक्यात गुंडाळला.

"आरसा दावा की," गोरक्ष म्हणाला.

भिमाजी वस्तरा पुसू लागला. गोरक्षच्या तोंडचं पाणी पळालं. हेमचंद्रांना ते बघवेना. आकड्यांच्या माणसानं न्हाव्याच्या आरशापुढे हात टेकायचे म्हणजे हद्द झाली. त्यांनी फडकं ओढलं आणि आरसा स्वतःच गोरक्षसमोर धरला.

"बघ. झकास दिसतोयस."

भिमाजीचा चेहरा उतरला. "साहेब, तुमी कशापायी धरला?"

गाठ लिंबाएवढी निघाली. नस ताणून ताणून कागदासारखी झालेली. सर्जननी नकारार्थी मान हलवली.

तरीही तिसऱ्या महिन्यात गोरक्षचा लुळा पडलेला गाल हलला. दसऱ्याला तर त्यानं दवाखान्याच्या पायरीवर बसून सनई वाजवली. हेमचंद्रांना भरून आलं. भिमाजीची पहिली चूक त्यांनी वहीत ठसठशीत लिहिली.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे ते दाढीला बसले. भिमाजीनं डावा गाल पुसला. बराच वेळ पुसला. मग आरसा पिशवीत टाकला.

"अरे, आरसा?"

"ऱ्हाऊ द्या, साहेब."

हेमचंद्र हसले. तेवढ्यात फोन वाजला. उजव्या हातात टॉवेल होता, म्हणून रिसीव्हर डाव्या कानाला लावला.

काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

"हॅलो? हॅलो?" लाइन मेली, असं पुटपुटत त्यांनी टॉवेल ठेवला आणि सहज कान बदलला.

पुण्याचे सर्जन बोलत होते.

"अहो, तिसऱ्यांदा विचारतोय. गोरक्षचा चेहरा कसा आहे?"