भाऊजींचं उशिराचं उत्तर

आधीच सांगते, पटत नसेल तर पुढे वाचू नका. मला कुणाला पटवायचं नाही. पटवून पटवून माझं तोंड दुखलंय.

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

रविवार होता. आणि रात्र-बित्र काही नव्हती हां. भर दुपार. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. जागा म्हणजे माझ्या ताईच्या घरातली भाऊजींची कामाची खोली.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. काही महिन्यांपूर्वी ते गेले. त्याच खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या.

गेले त्या दिवशी त्यांनी ताईला ऑफिसात फोन केला होता. "तुला एक सांगायचंय. समोरासमोर नाही जमायचं, म्हणून रेकॉर्ड करून ठेवतोय. आलीस की बघ."

ताई घरी आली... तर भाऊजी थंड पडलेले. समोर कॅमेरा चालूच.

ते रेकॉर्डिंग एका जुन्या डिस्कवर होतं, आणि त्या डिस्कने त्याच आठवड्यात मान टाकली. दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय!

ताईने नोकरी सोडली. जेवण म्हणजे दोन घास, तेही मी समोर बसले तर. दिवसभर त्या खोलीत बसायची आणि एकच म्हणायची.

"एकदा ते काय बोलले ते ऐकलं, की मी मोकळी."

मोकळी म्हणजे काय गं बाई? विचारायची माझी हिंमत नव्हती. ती हे फार शांतपणे म्हणायची. खरं सांगते, मला डिस्कचं काही पडलं नव्हतं. मला माझी बहीण हवी होती.

आणि डिस्कचं काम माझंच. मी ड्रायव्हर लिहिते. सासूबाई शेजारी सांगतात की सून कंपनीची गाडी चालवते. असो.

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामधला निरोप्या. तो डिस्ककडे एकेक तुकडा मागतो. प्रत्येक मागणीला एक टोकन, डॉक्टरकडे असतं तसं. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही, तर तो वाट बघणं सोडतो आणि ते टोकन पुढच्या मागणीला देतो.

घोळ इथेच होतो. त्याने वाट बघणं सोडलं, आणि नेमकं तेव्हाच डिस्कचं उत्तर आलं तर? आधीच्याचं औषध नंतरच्याच्या घशात! म्हणून आमच्यात नियम आहे. टोकन परत वापरायच्या आधी डिस्कला रीसेट मारायचा. आधीचं सगळं विसर, असं तिला सांगायचं.

ही असली चूक शोधताना नाकी नऊ येतात. डोळे लावून बसलात की ती होत नाही. पाठ फिरवली की झालीच. माझी निम्मी नोकरी तिच्यामागे धावण्यात गेली आहे.

आणि आमचे भाऊजी अगदी तसेच. काही विचारलं की लगेच उत्तर नाही. तुम्ही विचारून विसरलात की मग सावकाश बोलणार. एकदा ताईने विचारलं, "पंखा बंद करू का?" हे गप्प. थोड्या वेळाने ती नवा ड्रेस घालून आली. "मी यात जाड दिसते का हो?"

"हो," भाऊजी म्हणाले.

बिचारे पंख्याचं सांगत होते! ताई दोन दिवस बोलली नाही.

तर त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन बसले. स्टुलावर. भाऊजींच्या खुर्चीत ताई कुणाला बसू देत नव्हती.

डिस्क जोडली. एक तुकडा आला, दुसरा आला, मग अडकली. तीस सेकंद गेले. रीसेट.

टक... टक... टक...

प्रत्येक रीसेटला ती आतून अशी आपटायची की माझाच जीव वर-खाली व्हायचा. असं अजून थोडा वेळ चाललं असतं, तर ती कायमची गेली असती.

"झालं का?" मागून ताई.

"नाही."

"आता?"

"ताई, जरा गप बस गं! माझं डोकं फिरलंय आधीच!"

मी ओरडले. मग तिने रिकाम्या खुर्चीकडे वळून विचारलं, "अहो, पंखा वाढवू का?"

हे तिचं रोजचंच होतं. मी लक्ष दिलं नाही. जरा वेळाने परत, "अहो, चहा टाकू का?" आणि मग हळूच, "ही ओरडली, त्याचा राग नाही ना आला?"

मी दात-ओठ खात काम करत होते. वीस वेळा तेच. अडकली, रीसेट, टक टक. मधे काय चुकतंय ते बघायला प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, तर दोन मिनिटं सगळं सुरळीत! मग ओळ ठेवली काय, काढली काय, पुन्हा बोंब. शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, मरो ते! आणि रीसेट काढून टाकला. तीस सेकंदांची मुदतही काढून टाकली. डिस्कची जोडणी मधेच तुटली तरी मागणी सोडायची नाही, असंही लिहून टाकलं. घे बाई, हवा तेवढा वेळ घे.

आमच्या धंद्यात हे कुणी करत नाही. मला ठाऊक होतं. पण वैताग आला की माणूस काय करेल नेम नाही.

डिस्क चालायला लागली.

टक टक थांबली. आणि स्क्रीनवर... भाऊजी.

तीच खुर्ची, तीच खिडकी. निळा शर्ट. ते आमच्याकडे बघत बसले होते. ताईने माझा खांदा असा आवळला की वळ उठले.

ते बराच वेळ बोललेच नाहीत.

मग म्हणाले, "हो. जरा."

परत गप्प. मला वाटलं, कानात इअरफोन असेल, दुसऱ्या कुणाशी बोलत असतील.

"नको, आत्ताच झाला."

ताईचा हात माझ्या खांद्यावरून गळून पडला. मला अजूनही काही सुचलं नव्हतं. मी चित्र नीट येतंय का, तेवढंच बघत होते.

मग भाऊजी हसले...

"छे! बारकीचं काय मनावर घ्यायचं?"

बारकी म्हणजे मी. ते एकटेच मला बारकी म्हणायचे.

पंखा. चहा. मी ओरडले त्याचा राग. ताईने दुपारभर खुर्चीला जे विचारलं होतं, त्याची उत्तरं ओळीने येत होती. उशिरा. पण येत होती.

मी ताईकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. माझ्याआधीच कळलं होतं. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला भीती वाटली.

ती स्क्रीनजवळ वाकली. आणि मला कळलं ती काय विचारणार.

"अहो, मी येऊ का तुमच्याकडे?"

त्याच क्षणी, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत, मी किंचाळले. "भाऊजी, बंद करू का हे?"

का विचारलं, काय माहीत. सरळ बंद करायचं सोडून विचारत बसले! मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हीच सवय, दुसरं काय. दोन्ही प्रश्न एकदमच बाहेर पडले.

भाऊजी बोलले नाहीत.

नुसते बघत राहिले. चित्र अडकलं नव्हतं. मधेच त्यांच्या पापण्या लवत होत्या.

खालचा गाडी धुण्याचा आवाज थांबला होता. पंख्याचाही आवाज येत नव्हता. मी वर बघितलं, पंखा तर फिरत होता...

"बोला ना हो," ताई म्हणाली.

मी केबल उपटली.

डिस्क हातात घेतली. ती आत घर्र करत होती, मग हळूहळू मंदावली. थांबली. गार पडली. मी दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होते.

स्क्रीन काळा व्हायला हवा होता.

झाला नाही.

भाऊजींनी मान वर केली. कुणीतरी आत्ताच हाक मारावी तशी.

"हो," ते म्हणाले.

आणि मग, "लवकर."

मग स्क्रीन काळा झाला.

ताई हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि हसत होती. "ऐकलंस?"

"ताई, ते मला म्हणाले! मी विचारलं, बंद करू का. त्याचं उत्तर होतं ते."

"मी आधी विचारलं होतं."

"आधी कुठे? एकदमच विचारलं आपण!"

"मग तुझंच कशावरून?"

मी रडले, भांडले, डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शंकासुराला गाठलं. शंकासुर म्हणजे माझ्या शेजारी बसणारा आमचा एक सहकारी. देव समोर उभा राहिला तरी हा ओळखपत्र मागेल. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, पुढचे तुकडे आधीच वाचून मेमरीत ठेवलेले असतात, तेवढं केबल काढल्यावरही वाजू शकतं. बारकी म्हणाले? रेकॉर्डिंगमध्ये तुझा विषय निघाला असेल.

"बरं, बाकी सगळं सोड," मी म्हटलं. "दोन मागण्या गेल्या, उत्तर एकच आलं. ते कुणाचं, हे कसं ओळखायचं?"

"नाही ओळखता येत. म्हणून तर आधी रीसेट मारायचा असतो," तो म्हणाला. "तू काढलास कशाला?"

त्याला मारावंसं वाटलं. बरोबर बोलत होता म्हणून जास्तच.

डिस्क पुन्हा फिरलीच नाही. त्याने तीन-चार यंत्रांना जोडून बघितली. भाऊजींना त्या दिवशी खरंच काय सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. आणि ताई आता त्याबद्दल विचारतही नाही.

ती छान जेवते. झोपते. शेजारणी म्हणतात, "सावरली हो तुमची ताई!" मी मान डोलावते. परवा तिने स्वतःचे चांगले कपडे काढून वाटून टाकले. बँकेच्या कागदांवर माझं नाव घातलं. "असू दे गं, सोयीचं पडतं," म्हणाली.

मी सध्या तिच्याकडेच राहते. तिच्या खोलीची आतली कडी मी काढून टाकली आहे. नवरा चिडलाय, ऑफिसवाले चिडलेत, मी सगळ्यांवर चिडले आहे. सगळ्यात जास्त भाऊजींवर. मेल्यावर तरी एकदा माणसाने पुरतं बोलावं की नाही!

आज सकाळी मी ताईला सरळ विचारलं. ती ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती.

"ताई, तू मला सोडून जाणार नाहीस ना?"

तिने ऐकलं. हातातलं पातेलं पुसायचं क्षणभर थांबली, म्हणजे ऐकलंच. मग ते पातेलं जागेवर ठेवलं आणि दुसरं घेतलं.

आता संध्याकाळ झाली आहे. ती समोर बसली आहे.

अजून काही बोललेली नाही.