झाकणाखालचा तास

ताटावर बसणार एक जण, पण चव लागणार पाच जणांना. म्हणून ऋतुजानं सहलीच्या खर्चात जेवणाचा आकडा वाढवला आणि खोलीचा कमी केला.

"खोली साधीच बघू," ती म्हणाली. "झोपेत प्रचितीची पट्टी बंदच असते. गादी मऊ आहे की कडक, आपल्याला कुठं कळणार आहे?"

अकोल्यात इंगळ्यांच्या घरी रविवारची सकाळ होती. भिंतीवर आकड्यांचा निळसर उजेड पडला होता आणि त्याखाली ऋतुजाची आई ज्योत्स्ना भेंडी चिरत बसली होती. वडील गजानन गुरुजी सकाळपासून एकच धरून बसले होते, की पाहाडात जायचं तर नदी पाहिजे. धाकट्या वेदांतला बर्फ हवा होता. ज्योत्स्नाला नुसता गारवा हवा होता, मग तो कुठलाही चालला असता. सप्टेंबर सरत आला तरी अकोल्याच्या भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असायच्या.

"आत्या, तुला गं?" ऋतुजानं विचारलं.

कोपऱ्यात लसूण सोलणाऱ्या मंदाआत्यानं मान वर केली नाही. "मले काय, कुठीबी चालते."

गजानन गुरुजींची ही थोरली बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात होती. ऋतुजा आणि वेदांत तिच्याच मांडीवर वाढले होते. इतक्या वर्षांत तिनं 'कुठीबी चालते' हे इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते कुणाला ऐकूही येत नसे.

इंधनावरचा अधिभार वाढत गेला तशा लांबच्या सहली साध्या घरांच्या हातून सुटल्या. पाच जणांनी हिमालय पाहून यायचं तर वर्षाचं उत्पन्न ओतावं लागलं असतं. मग प्रचिती आली. कपाळाला एक मऊ पट्टी बांधायची, बोटांच्या टोकांवर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ टोप्या चढवायच्या. डोळ्यात शिरलेला उजेड, जिभेवरची चव, अंगाला लागलेला वारा मेंदूत जे तरंग उठवतात, ते ही पट्टी टिपते. घरी बसलेल्यांच्या पट्ट्या तेच तरंग त्यांच्या मेंदूत उठवतात. म्हणजे घरातल्या एकानं जायचं आणि बाकीच्यांनी घरबसल्या भिजायचं, गारठायचं, चाखायचं. जाणाऱ्याला 'वाहक' म्हणत.

"मनातलं काही जात नाही हं," प्रचिती भाड्यानं देणाऱ्या केंद्रातल्या मुलीनं समजावलं होतं. "विचार नाही, आठवण नाही. अंगाला जे लागतं तेवढंच जातं."

वाहक कोण, हे ठरवायला केंद्र एक दिवस पट्ट्या फुकट देत असे. प्रत्येकानं बाजारात चक्कर मारून यायचं, बाकीच्यांनी घरी बसून ती घ्यायची.

वेदांतची नजर एका जागी ठरेना. दहा मिनिटांत सगळ्यांना घेरी आली. गुरुजींनी दुकानांच्या पाट्या तेवढ्या वाचल्या. ज्योत्स्ना भाजीवाल्यासमोर उभी होती, पण डोळे तिचे पुन्हा पुन्हा घराच्या रस्त्याकडे वळत होते. ऋतुजाला तर मनगटावरच्या घड्याळाशिवाय काही दिसलंच नाही.

मग मंदाआत्या गेली.

पेरूच्या गाडीपाशी ती थांबली आणि घरातल्या चौघांच्या नाकात पेरू पिकला. तिनं एक पेरू उचलला, अंगठ्यानं अलगद दाबला, आणि पिकल्या-कच्च्याच्या मधली ती जागा चौघांच्या अंगठ्यांना कळली. कासाराच्या दुकानात बांगड्यांवरून ऊन घसरत होतं. कुठल्याशा ओट्यावर न्हालेलं तान्हं पोर धुपावर धरलेलं होतं. आत्या वळून पाहायची तेव्हा सबंध गल्ली तिच्याबरोबर वळायची. आजवर ती बाजारातून आली की सगळं घर तिच्याभोवती का जमायचं, ते त्या दिवशी कळलं. ती जगाला घाई करत नसे. जग आपणहून येऊन तिच्या ओंजळीत बसायचं.

"बस्स," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "अक्काच जाईन."

आणि तेवढ्यात आत्या देवळाच्या पायऱ्या चढू लागली.

पहिल्या पायरीला ज्योत्स्नाच्या तोंडून "अगं माय!" निघालं. गुडघ्यात कुणी तापला खिळा ठोकावा तशी कळ होती ती. दुसऱ्या पायरीला वेदांतनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आत्या तिकडं घंटेच्या नादाकडं कान लावून, गुणगुणत चढत होती.

ती घरी आली तेव्हा वेदांतनं उठून तिच्या हातातली पिशवी घेतली. ज्योत्स्नाचा आवाज जरा चढाच लागला. "अक्का, इतकं दुखते त सांगितलं काहून नाही वो कधी?"

"त्यात सांगाचं काय? दुखते त दुखते," आत्या म्हणाली, आणि लसणाकडे वळली.

ऋतुजानं भिंतीवरच्या हिशोबात गुडघ्यांचं औषध घातलं, चांगले बूट घातले, चढावर घोडा घातला. ते घालताना तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. हे सगळं आत्यासाठी होतं की आपले गुडघे वाचावेत म्हणून, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

ते दिवस भुलाबाईचे होते. घरात मखर मांडलं होतं. संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमत, गाणी म्हणत, आणि शेवटी आत्या झाकलेला खाऊचा डबा पुढं करी. मुलींनी तो हलवायचा, कानाशी धरायचा, हुंगायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आत्याचा खाऊ सहसा ओळखला जात नसे. आवाज होऊ नये म्हणून ती डब्यात फडकं कोंबायची.

"आत्या, लबाडी!" मुली ओरडत.

"लबाडी कायची? जे लगेच कळते, त्याची गोडी राह्यते काय?"

भुलाबाईचं मखर ज्योत्स्नाच्या हाती सोपवून आत्या निघाली.

पुढचे चार दिवस इंगळ्यांच्या घरात हिमालय होता. सरोल नावाचं लहानसं गाव, देवदारांच्या कुशीत. गुरुजी आरामखुर्चीत बसून नदीत पाय सोडत, आणि त्यांच्या पायाला खरोखर शहारे येत. घरमालकीण लालदेईच्या हातचं राजम्याचं ताट पाच जण जेवले. आत्या प्रत्येक घास सावकाश चावायची, जणू पंगतीत मागं राहिलेल्यासाठी थांबलीय. सफरचंदाच्या बागेत तिनं एका झाडाच्या खोडाला गाल लावला, आणि अकोल्याच्या उकाड्यात ज्योत्स्नाच्या गालावर ओलसर, खडबडीत गारवा उतरला. कितीतरी वेळ ती डोळे मिटून बसली.

तिसऱ्या दिवशी लांबवर पहिला बर्फ दिसला तेव्हा आत्याच्या ओठांवर ओवी आली.

*पाहाडाच्या माथ्यावरी कोनं धुनं वाळू घातलं,*
*माझ्या मायचं पातळ वाऱ्यानं गं पांघरलं.*

शेवटचा दिवस खास बर्फासाठी राखून ठेवला होता. वर खिंडीपर्यंत जायचं तर गाडी वेगळी, परवाना वेगळा. सगळ्या सहलीत हाच खर्च सर्वांत मोठा होता. चौघं पट्ट्या बांधून बसले. वेदांतनं हात पुढं धरले होते. गाडी थांबली, दार उघडलं, कोरी थंडी नाकात शिरली. बुटाखाली काहीतरी कुरकुरलं—

आणि अंधार झाला.

पुन्हा अकोला. पंख्याची घरघर, शेजारच्यांचा कुकर.

"अक्का पडली!" गुरुजी ताडकन उठले. ऋतुजानं गाडीवाल्याला फोन लावला.

"माताजी ठीक हैं," तो म्हणाला. "पट्टी उतार के जेब में रख ली। बोलीं, थोड़ी देर कोई ना बुलाए।"

घरात सगळ्यांचा जीव खाली पडला, आणि त्यामागोमाग राग आला.

"म्हणजे मुद्दाम?" वेदांत म्हणाला. "बर्फ तर सगळ्यांचा होता ना?"

"एवढं सगळं जुळवलं ते याच तासासाठी," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. तिच्या हिशोबातली एकच रक्कम वाया गेली होती, आणि तीच सगळ्यात मोठी होती.

ज्योत्स्नानं कपाळावरची पट्टी सोडली. ती मांडीवरच्या पट्टीकडे पाहत राहिली.

तासाभरानं पट्टीला धुगधुगी आली. बर्फ परत आला: शुभ्र, अफाट, डोळ्यांना दिपवणारा. आत्यानं तो मूठ भरून उचलला, गालाला लावला, जिभेवर ठेवला. सगळ्यांना जे हवं होतं ते तिनं भरभरून दिलं. पण त्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं. तिची बोटं आधीच बधिर झाली होती. घसा खूप वेळ बोलल्यासारखा किंवा गायल्यासारखा बसला होता. गालांवर ओल सुकत होती. जिभेवर कशाचीतरी गोडी रेंगाळत होती. आणि छाती हलकी होती, इतकी हलकी, की चौघांनीही एकदमच मोठा श्वास घेतला.

आत्या कोजागिरीच्या आदल्या दिवशी परतली. संध्याकाळी मुली गाऊन गेल्या, आणि घरचे चौघं तिच्याभोवती बसले. ऋतुजानं इतके दिवस धरून ठेवलेलं विचारलंच.

"आत्या, त्या तासात काय केलंस गं?"

आत्या उठली. फळीवरचा खाऊचा रिकामा डबा तिनं घेतला, झाकण घट्ट लावलं आणि मधोमध ठेवला.

"ओळखा."

वेदांतला हसू आलं. "लोळली असशील बर्फात. कोणी बघत नाही म्हणून."

"आईची याद आली असंन," गुरुजी हळूच म्हणाले. "मनमोकळी रडली असशीन. माह्यासमोर रडली नाही तू कधी."

"मला वाटतं तू काहीच केलं नाहीस," ऋतुजा म्हणाली. "नुसती बसलीस. कुठं पोचायचं नाही, काही उरकायचं नाही." बोलता बोलता ती थबकली. तिला स्वतःच्याच आवाजातली तहान ऐकू आली.

आत्या हसत होती. कुणालाच हो नाही, कुणालाच नाही नाही. "मांगून मांगून मागतलं काय त एक तास," ती म्हणाली. "तोबी तुमच्याच बर्फातून उचलला. माफ करा बापा. पण आजवर माह्यं म्हणून काही झाकून ठेवलंच नव्हतं."

पट्ट्या परत द्यायला ऋतुजा केंद्रात गेली. तिथल्या मुलीनं खंडित तासाबद्दल क्षमा मागितली आणि हौसेनं नवी पट्टी दाखवली. "पुढच्या मोसमापासून ही अडचण येणार नाही, ताई. पट्टी काढायची कळ वाहकाकडे नसेल. घरच्यांकडे असेल. जे खर्च करतात त्यांच्या हातात."

ऋतुजानं ती पट्टी हातात घेऊन पाहिली. फार सुंदर होती. जुनीपेक्षा हलकी, आणि निम्म्या भाड्याची. तिला देवळाची पहिली पायरी आठवली, गुडघ्यातला खिळा आठवला. या यंत्रानंच तर ती कळ घरात आणली होती. आता त्याच यंत्रानं आत्याचा तास काढून घ्यायचा?

"जुनीच नोंदवा," ती म्हणाली. "महाग असली तरी."

त्या संध्याकाळी भिंतीवर पुन्हा आकड्यांचा उजेड पडला. पुढच्या वर्षीच्या सहलीत ऋतुजानं प्रवास घातला, जेवण घातलं, या वेळी मऊ गादीही घातली. मग एक ओळ मोकळी सोडून तिनं लिहिलं: 'वाहकाचा तास.' त्याचा खर्च पाचांत सारखा वाटला.

"पण जाणार कोण?" वेदांतनं विचारलं.

ज्योत्स्नाला ते ऐकू आलं नसावं. ओळखायचा खेळ झाला तेव्हा तीच एकटी गप्प राहिली होती. फळीपाशी उभी राहून तिनं तो रिकामा डबा हातात घेतला होता. तिनं तो कानाशी धरला, हलवला. आत काही वाजलं नाही.

मंदाआत्या तिच्याजवळ आली आणि अगदी हळू, दोघींपुरतं म्हणाली,

"ज्योत्स्ना, तू काय झाकून आणशीन वं?"