रिकामा कॉम्प्युटर

खोटं वाटलं तर पुढे वाचू नका. मला कोणाला पटवायचं नाही. पण हे आमच्या घरात घडलंय. अंबाजोगाईत, सन दोन हजारच्या उन्हाळ्यात. तेही रात्री नाही... भर दुपारी.

मंडी बाजारात आमचं कापडाचं दुकान. वरच्या खोलीत मी आणि माझी धाकटी बहीण शिवांजली कॉम्प्युटर क्लास चालवायचो.

तिला एक नाद लागला होता. परदेशातलं एक विद्यापीठ आकाशातून आलेल्या लहरी तपासत होतं, तिकडे कोणी आहे का ते शोधायला. काम एवढं अवाढव्य, की त्यांनी जगभरातल्या साध्यासुध्या माणसांकडे मदत मागितली. इंटरनेटवरून कामाचा एक तुकडा घ्यायचा. आपला कॉम्प्युटर रिकामा असला की तो तपासत बसायचा आणि पडद्यावर रंगीत आलेख डोलायचा. मिळायचं काहीच नाही. तरी कोण आनंद व्हायचा आम्हाला! अंबाजोगाईत बसून आम्ही आकाशाला कान लावला होता. 

अट एकच. माऊसला हात लागला की काम थांबायचं.

"दादा, हात काढ बरं! माझं काम थांबलं ना!" ती ओरडायची.

मे महिन्यात तिला कावीळ झाली.

आठवड्यात शिवांजली गेली.

तिचा शेवटचा तुकडा अर्धाच राहिला होता. आई मला म्हणाली, "रवि, लेकराचं काम अर्धं ठिवू नको. तेवढं पाठीव."

मी कॉम्प्युटर चालू केला आणि बाजूला झालो.

आलेख आलाच नाही.

तास गेला. दुपार सरली. पडदा तसाच... कोणीतरी वापरत असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी वडवणीहून माझा दोस्त अमरसिंह आला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. सगळं खोलून पाहिलं त्याने.

"मशीन चांगली हाय बे. कुणीतरी माऊस हलवतंय."

मी चिडलो. माऊसची वायर उपटली आणि तो फळीवर नेऊन ठेवला.

थोड्या वेळाने फळीवरून आवाज आला...

खर्र... खर्र...

माऊसच्या पोटातला रबरी गोळा फिरत होता.

अमरसिंह चपला न घालताच जिना उतरला. आजवर परत वर आलेला नाही.

आवाज ऐकून आई आली. ती घाबरली नाही. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून तिने हात फिरवला.

"शिवू... हात काढ गं माय. तुजंच काम अडलंय."

खरखर थांबली.

पडद्यावर आलेख उमटला...

काही दिवसांनी तुकडा पूर्ण झाला. मी फोनची वायर जोडून तो पाठवून दिला. आईला सांगितलं तेव्हा ती किती दिवसांनी हसली.

त्यानंतर काहीच झालं नाही. मी मुद्दाम नवा तुकडा घेतला. कॉम्प्युटर सोडून लांब बसायचो. आलेख लगेच यायचा.

दर वेळी मला रडू फुटायचं.

ती खरंच तिथे होती का, हे मला आजही सांगता येत नाही. पण एका दुपारी आई मागे येऊन उभी राहिली. त्या डोलणाऱ्या रंगांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"म्हंजे आता हितं कुणीच न्हाई ना रे?"

तिने रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"मी निस्तं हात काढ म्हणले रे, रवि... जा न्हवतं म्हणले."