नदीपल्याडची साद

त्या दिवशी मी क्लिफर्डला गोळीच घालणार होते.

नदीवर धुकं होतं. होडीत बसून, भूर्जाच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून मी मूस या अवाढव्य हरणाच्या मादीची लांबलचक साद घातली. पल्याडच्या झुडपांत नर घुमला... घसाघसा शिंगं घासू लागला. घोड्याएवढं जनावर, हिवाळाभर घराला पुरेल! मी बंदूक उचलली, बोट चापावर – आणि मूस शिंकला.

"कोण आहे रे तिकडे?" मी बंदूक खाली घेत ओरडले.

झुडपातून एक टोपी वर आली. "म्हणजे ती मादी... तू होतीस? मघापासून हे हाड शिंगांसारखं घासतोय तुझ्यासाठी!"

"आणि मी तुला वाळवून खाणार होते!"

"अजूनही चालेल की."

हसला तशी गालाला खळी पडली. मेला दिसायला बरा होता. मी होडी त्याच्या काठाला लावली, आणि मग त्याच्या कमरेचं गुलाबी फितींचं भेंडोळं दिसलं. लाकूड कंपनीचा रस्ता जिथून जाणार, तिथल्या झाडांना या फिती बांधतात. फितींमागून करवती येतात. आमच्या मुलखात न तुटलेलं एवढंच रान उरलंय, आणि ते राखायचं काम माझ्या बाबांकडे.

"आपल्या क्री लोकांतला असून हे काम करतोस?"

"तू राखणदारांची हॅटी ना? नोकरी आहे गं..." तो खाली बघत म्हणाला.

"उद्या त्या रस्त्याबद्दल सभा आहे. तिथेही असंच खाली बघ!"

तरी घरी येईपर्यंत ती खळी डोळ्यांपुढून हलेना. माझाच मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या वास्वानिपी गावच्या सभागृहात कंपनीचा साहेब म्हणाला, "त्या काठावर मूस उरलेच नाहीत. विचारा आमच्या माणसाला."

सगळे क्लिफर्डकडे वळले. बाबांची नजर तर त्याच्यावर खिळलीच. बोल रे... बोल!

तो उठला. "आहेत. माद्या पिल्लं घेऊन तिथेच नदी उतरतात. खुरांचे ताजे ठसे पाहिलेत मी. नसते तर काल झुडपात बसून घुमलो कशाला असतो?" त्यानं भेंडोळं टेबलावर ठेवलं. "मी नाही बांधणार."

साहेबानं नकाशा गुंडाळला. रस्ता त्या दिवसापुरता तरी अडला. क्लिफर्डची नोकरी मात्र गेली. टोपी चुरगाळत तो एकटाच उभा राहिला.

मला राहवलं नाही. भर सभेत मी हात तोंडाशी नेले आणि साद घातली – लांबलचक, लाज सोडून.

सगळे हसून लोटपोट. क्लिफर्डचे कान लाल झाले... मग तो हळूच घुमला.

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नशीब तुझं पोरा, बंदूक घरी ठेवून आलोय," ते म्हणाले. "चल जेवायला."