धनेशचा रिसीव्हर, हिरामणची खुर्ची

यातलं काहीही पदरचं घातलेलं नाही. खोटं वाटत असेल तर मानकोली नाक्यावरून भिवंडीकडे वळा आणि कुणालाही हिरव्या काचांचं घर विचारा. लोक बोटाने दाखवतील.

दारापर्यंत मात्र कुणी सोबत येणार नाही.

साल २००६. वार शुक्रवार. आणि रात्र नव्हती...

लख्ख उजेड होता. धनेशला आजही तेच पचत नाही. रात्री झालं असतं तर निदान लोकांनी विश्वास ठेवला असता.

शुक्रवारच का, ते आधी सांगायला हवं. धनेशच्या घरामागेच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा गाळा आहे, भाड्याने दिलेला. दिवसरात्र खटखट, खटखट. या भागात माणसं मोठ्याने बोलतात ती भांडखोर म्हणून नव्हे, सवय म्हणून. शुक्रवारी लूम बंद. ज्याला काही नीट ऐकायचं असेल, त्याने शुक्रवारीच ऐकावं.

हे धनेशला शिकवलं हिरामणने.

हिरामण म्हणजे त्याचा सख्खा चुलत भाऊ. शेजारचं घर. गावात कुणाचीही हळद असो, साउंड लावायला हिरामण लागायचा. अंगणाच्या मधोमध डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलती ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "डावा जरा आत वलव." बस्स. मग ढोलकी अशी घुमायची की गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्याही उठायच्या.

स्पीकर उचलून ठेवायचं काम धनेशचं. कौतुक हिरामणचं.

खुद्द धनेशच्या हळदीत लोक नवऱ्याला सोडून साउंडलाच वाहवा देत होते. पिवळा झालेला धनेश पाटावर बसून ते ऐकत होता.

आणि त्याहून खोल सल दुसराच होता. त्याची बायको ऋतिका, तिचं स्थळ आधी हिरामणला सांगून आलं होतं. हिरामण म्हणाला होता, "घाई नाय." घाई धनेशला होती. त्याने होकार कळवून टाकला.

हिरामणचं प्रत्येक बाबतीत असंच. होम थिएटरचे स्पीकर घेऊन ठेवले, पण त्यांना आवाज वाटून देणारी पेटी, म्हणजे रिसीव्हर, काही ठरेना. दर शुक्रवारी दुकानात जायचा, ऐकायचा, रिकाम्या हाताने यायचा. "पेटी चुकली का सगला चुकला," म्हणायचा.

पेटी घरी यायच्या आत कावीळ झाली. गेला.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना.

ऊन डोक्यावर आलं. हिरामणची आई राहीबाई रडत रडत एकेक शब्द देत होती. बहिणीला बघीन, गाय विकणार नाही... कावळे समोरच्या खारफुटीवर बसून नुसते बघत होते. लोकांना घरी जायचं होतं. धनेशला तर फारच.

तो पुढे झाला आणि म्हणाला, "हिरामण, तुझ्या स्पीकरला पेटी मी आणतो. पयल्यांदा तूच ऐकशील."

शब्द संपायच्या आत...

कावळा उतरला.

"बघा, भावाचा शब्द!" लोक म्हणाले. धनेशलाही बरं वाटलं. जेवायला बसेपर्यंत तो ते विसरलाही होता.

दोन पावसाळे गेले. धनेशची थोडी जमीन गोदामवाल्यांनी घेतली, हिरव्या काचांचं घर उभं राहिलं, मोठा हॉल झाला. हॉलमध्ये काय हवं? होम थिएटर. हिरामणचे स्पीकर मागायला तो राहीबाईकाकीकडे गेला.

"ने रं बाला," राहीबाई म्हणाली. "उंदीर तारा खातान. पन त्याची खुर्ची बी ने. तिच्यावर बसूनच आयकायचा तो."

खुर्ची लोखंडी, घडीची, पोपडे आलेली.

"सोफा घेतलाय ना काकी, नवीन," धनेश म्हणाला आणि फक्त स्पीकर घेऊन आला.

पुढच्या शुक्रवारी, नमाज झाल्यावर, तो भिवंडीत, हिरामण जायचा त्याच अदनानच्या दुकानात गेला. अदनानने दोन रिसीव्हर मांडले. एक काळा, जड, दिसायला अगदी साधा. दुसरा रुपेरी, निळ्या दिव्यांचा, आकड्यात वॅट जास्त.

धनेशने दोन्ही ऐकले. खरं सांगायचं तर त्याला फरक कळला नाही.

"हिरामणने कुठला धरला होता?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

अदनान धंद्यातला माणूस. त्याने गिऱ्हाइकाचा चेहरा एकदा नीट वाचून घेतला. "काला वाला, भाई. आखिर में बोले थे, वॅट पे मत जाओ, यही सही है. पर वो उनकी पसंद थी... आपका हॉल तो बडा है."

"रुपेरी दे."

अदनानने खोका बांधायला घेतला. इतक्या लवकर महागडी वस्तू त्याने कधी विकली नव्हती.

घरी आल्यावर धनेशने पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तारा जोडल्या. या रिसीव्हरसोबत एक छोटा माईक येतो. आपण जिथे बसणार तिथे तो ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. पेटी एकेका स्पीकरमधून आवाज सोडते, माईक ऐकतो, कुठला स्पीकर किती लांब ते पेटी मोजते, आणि त्या एका जागेसाठी सगळा आवाज जुळवते.

त्याने माईक सोफ्यावर ठेवला. मधोमध. स्वतःच्या जागेवर.

पंखा बंद. ऋतिका स्वयंपाकघरात. मागचे लूम बंद. पान हललं तरी ऐकू यावं अशी शांतता.

दारातून त्याने बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही. पडद्यावर अक्षरं आली... खोलीत आवाज फार आहे.

त्याने कान दिला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. फ्रीज बंद केला. घड्याळ उचलून बाहेर नेलं.

पुन्हा दाबलं.

खोलीत आवाज फार आहे.

"काय हो, कुणाशी बोलताय?" आतून ऋतिका.

"कुणाशी नाय!"

"मग कोण बोलतंय?"

धनेशने रिमोट पुन्हा पेटीकडे रोखला. हसण्यावारी न्यावं म्हणून तो रिकाम्या हॉलकडे बघून बोलला, "हिरामण, गप बस ना रं जरा."

आणि बटण दाबलं.

टक... फुस्स. डावा. टक... फुस्स. मधला. उजवा. मागचे दोन. एकही अडथळा नाही.

शहाण्यासारखं कुणीतरी श्वास धरून बसावं, तसं.

पडद्यावर अंतरं आली. ती चुकीची होती. डावा स्पीकर फार लांब दाखवत होता, उजवा अगदी जवळ. धनेशने सुताराचा टेप काढला, एकेक अंतर धरून जागा शोधली. टेप त्याला सोफ्यापासून दूर घेऊन गेला. उजव्या कोपऱ्यात, खिडकीपाशी.

तिथे काही नव्हतं. नुसती फरशी.

खिडकीतून राहीबाईचं दार दिसत होतं.

पुढच्या शुक्रवारी अदनान स्वतः दुसरा माईक घेऊन आला. माईक पुन्हा सोफ्यावर ठेवला. उत्तर तेच. खिडकीचा कोपरा. अदनानने खिडकीकडे पाहिलं, मग धनेशकडे, आणि ठेवलेला चहा न पिता निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "भाई, उनको काला वाला पसंद था."

संध्याकाळी धनेशने सिनेमा लावला. सोफ्यावर आवाज म्हणजे नुसता पत्रा. घोडे एका कानात धावत होते, दुसरा कान ओस.

ऋतिका वाळलेले कपडे घेऊन कोपऱ्यात उभी होती. घड्या घालता घालता थांबली.

"अगंबाई... अहो, इथे काय सुंदर येतंय! पाऊस अगदी अंगावर पडल्यासारखा."

लग्न झाल्यापासून धनेशच्या कुठल्याही वस्तूला ती असं म्हणाली नव्हती. म्हणाली, तर ते त्या कोपऱ्यात उभं राहून.

"इकडे सोफ्यावर बस."

"तिथे नुसता गोंगाट आहे."

ती तिथेच उभी राहिली. डोळे मिटून... मान किंचित डावीकडे कलती.

तसं उभं राहणारा माणूस धनेशने एकच पाहिला होता.

तितक्यात दारात राहीबाई. काखेत ती लोखंडी खुर्ची.

"माझ्या घरात आयकू येतंय," ती म्हणाली. "तू शब्द दिलतास ना, पयल्यांदा तो आयकल म्हनून? मंग त्याला उभा कशाला ठेवलाय?"

कोपरा कुठला, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती सरळ चालत गेली, खिडकीपाशी खुर्ची उघडली, पदराने पुसली, आणि आली तशी गेली.

त्या दिवसापासून घरात ती खुर्ची आहे. येणारा पाहुणा सोफ्यावर चुळबुळतो आणि खुर्चीजवळ गेला की म्हणतो, वा, काय आवाज आहे! धनेश हसतो. आतून जळतो. पेटी त्याची, हॉल त्याचा, वीजबिल त्याच्या नावावर. ऐकतो दुसराच.

एका शुक्रवारी त्याला राहवलं नाही. टीव्हीवर तोच घोड्यांचा सिनेमा चालू होता, ऋतिका सोफ्यावर भाजी निवडत होती. धनेश उठला, तडक गेला आणि खुर्चीत बसला. ऐकू दे तरी एकदा, हिरामण काय ऐकतो ते!

आवाज आला... पत्र्यासारखा. तोच गोंगाट. घोडे एका कानात, दुसरा कान ओस.

त्याला कळेना. खुर्ची तीच, कोपरा तोच.

तेवढ्यात सोफ्यावरून ऋतिका म्हणाली, "अय्या! आज इथे छान येतंय हो. एकदम समोर."

तिची नजर टीव्हीवर होती, हात भाजीत. आणि बोलता बोलता, तिच्याही नकळत...

ती थोडी बाजूला सरकली. शेजारी येऊन बसणाऱ्याला जागा करून द्यावी तशी.

सोफ्याची गादी हळूहळू दबली.

धनेश ताडकन उठला. दोन ढांगांत सोफ्याशी आला आणि बायकोला चिकटून बसला. दबलेली गादी वर आली. आवाज पुन्हा कोपऱ्यात गेला. खुर्ची किंचित करकरली.

"काय झालं हो?" ऋतिकाने विचारलं. "एवढे घामाघूम?"

"काय नाय. बघ तू."

पेटी विकता येत नाही. अदनान परत घेत नाही, आणि ती बंद ठेवली की काकी दारात येऊन उभी राहते. म्हणून आजही दर शुक्रवारी, लूम थांबले की, धनेश टीव्ही लावतो आणि सोफ्यावर बायकोला खेटून बसून तो भिकार आवाज शेवटपर्यंत ऐकतो. पाणी प्यायलासुद्धा उठत नाही.

त्याला घाई करता येते. वाट बघणं त्याला कधीच जमलं नाही.

आणि कोपऱ्यात जो बसलाय...

त्याला कसली घाई नाही.