ठमीचे ढेकर

गाईच्या तोंडावरच्या म्होरकीला नळी बांधता बांधता माझा पाय शेणावरून घसरला आणि मी शेजारून जाणाऱ्या माणसाचा दंड घट्ट धरला. अशी आमची ओळख झाली.

"सावकाश," तो म्हणाला. "आत्या म्हणाली होती, कुणी शास्त्रज्ञ येणार. मला वाटलं, दाढीवाले आजोबा असतील."

"निराशा झाली?"

"अजून ठरवलं नाही..."

कुरण त्याच्या आत्याचं. बारा गाई सांभाळायचा तो. गाय चरते, रवंथ करते आणि ढेकर देते. त्या ढेकरातून मिथेन वायू बाहेर पडतो आणि हवा तापवतो. तो कमी होतो का, हे मला बघायचं होतं. रोज सकाळी सहा गाईंना समुद्री शेवाळाची पूड घातलेली पेंड, उरलेल्या सहांना नुसती. मग दिवसभर नाकाजवळची नळी थोडी थोडी हवा गळ्यातल्या डब्यात ओढून घ्यायची.

"थोडक्यात, तुम्ही ढेकर मोजता."

"हो. आई पाहुण्यांना फक्त 'मोठ्या संस्थेत आहे' एवढंच सांगते."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्तच मिटायचा. असली निरीक्षणं वहीत लिहायची नसतात.

धुक्याच्या सकाळी तो गाईची मान धरायचा, मी पट्टा आवळायची. कधी बोटांना बोटं लागायची. तेव्हा दोघंही गाईशीच बोलायचो.

सहा आठवडे असेच गेले. शुक्रवारी मी परत जाणार होते आणि बुधवारी आकडे हाती आले. शेवाळ खाणाऱ्या गाईंचा मिथेन खरोखरच घटला होता. पण सात नंबरच्या गाईचाही घटला होता! ही त्याची लाडकी ठमी, नुसत्या पेंडीच्या गटातली. मी नळी तपासली, डबा तपासला, स्वतःची बेरीज तीनदा तपासली.

"माझंच काहीतरी चुकलंय," गोठ्यात मी त्याला म्हणाले. "असा निकाल कुणाला दाखवू?"

त्यानं हातातली बादली खाली ठेवली. "तुमचं नाही चुकलं. मी देत होतो तिला."

"काय?"

"शेवाळाची पेंड. रोज मूठभर. ती दुसऱ्यांच्या टोपलीकडे अशी बघत राहायची हो... मला बघवेना. म्हटलं, एका मुठीनं काय होतंय!"

मी तिथंच स्टुलावर बसले. बारातल्या एका गाईचा आकडा गेला की तुलनाच लंगडी होते. वर्षभर धडपडून मिळवलेलं काम होतं ते.

"गप्प राहिला असतात तर मला कळलंही नसतं," मी म्हणाले.

"तुम्ही स्वतःला दोष देत होतात. ते नाही चाललं मला."

मी बाहेर जाऊन संस्थेतल्या माझ्या सरांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून एक लांब उसासा.

परत आले तेव्हा तो तसाच उभा होता. "काय म्हणाले?"

"गटांची अदलाबदल करून पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणखी सहा आठवडे."

"म्हणजे ठमीला आता हक्काचं शेवाळ!"

"खरं सांगा, मला थांबवायला केलंत हे?"

"तसं असतं तर सहाही गाईंना चारलं असतं," तो म्हणाला आणि एकदम गंभीर झाला. "शुक्रवार येऊ नये असं रोज वाटायचं. गाडी बंद पडावी, रस्ता बंद व्हावा... पण तुमचं काम बिघडावं असं एकदाही मनात आलं नाही. तुम्ही आवडता मला. रागावलात तरी चालेल."

"रागावलेच आहे," मी म्हणाले. "आणि तूही आवडतोस. दोन्ही एकदम."

त्यानं बादली उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

"उद्यापासून पेंड मी घालणार," मी म्हणाले. "तू नुसती गाय धरायची. तिच्या डोळ्यांत अजिबात बघायचं नाही."

"मग बघू कुठे?"

"इकडे."