शेवटचा धडा आधी

दूरशिक्षण केंद्रातल्या खुर्च्या चांगल्या मऊ होत्या, पण रेवती उरकुडेला त्याचं काही वाटलं नाही. नवरा, प्रफुल, गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. भाजी खारट झाली तरी ती मुकाट्याने जेवून घेई, कोणी भेटायला आलं की चहा टाकी, आणि सगळे रडत असताना भिंतीकडे बघत बसे. तिच्या सासूबाईंनी, कुसुमबाईंनी, हिवाळा संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग एका सकाळी तिला ऑटोत बसवून वणीच्या या केंद्रात आणलं.

प्रफुल सिमेंटच्या कारखान्यात कामावर असतानाच हृदयविकाराने गेला होता. त्याच्या जागी रेवतीला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळणार होती. पूर्वी अशा बाईला कॅन्टीनमध्ये नाहीतर आवक-जावकच्या टेबलावर बसवून देत. आता ती कामं यंत्रंच करत होती, आणि माणसाची जागा उरली होती ती नियंत्रण कक्षात, यंत्रांसाठी आज्ञावल्या लिहिणाऱ्याची. दोन वर्षांत घरबसल्या प्रोग्रामरचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केला तर जागा तिची. निवड एकदाच करायची आणि मध्येच सोडलं तर हक्क गेला. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

"घाबरू नका, ताई," समुपदेशक गेडाम सर म्हणाले. "पहिले लोक जाहिरात पाहून कोर्स घेत अन् दोन-तीन महिन्यांत सोडून देत. आता तुमच्या आधी तुमचं प्रतिरूप शिकते."

प्रतिरूप ही गेल्या काही वर्षांतली सोय. तुमच्या नावावरच्या फोन नंबराची जुनी माहिती घ्यायची. तुम्ही काय लिहिता, कुठे अडता, कशाला कंटाळता, चुकल्यावर परत येता की पाठ फिरवता, हे सगळं त्यात असतंच. त्यावरून तुमच्या शिकण्याची एक नक्कल संगणकात उभी करायची आणि चहा होईपर्यंत तिच्याकडून दोन वर्षांचा अभ्यास करून घ्यायचा. नक्कल जिथे टिकते तिथे माणूस टिकतो, असा केंद्राचा अनुभव होता. नकलेला तुमचाच आवाजही मिळे. तो नमुना रेवतीने आल्या आल्या दिला होता.

"म्हणजे परीक्षा हिचीच, पण देणार दुसरंच कोणी," कुसुमबाई म्हणाल्या. "बरं हाये बाई."

चहा आला. तोवर निकालही आले. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रतिरूप पहिल्याच सत्रात कंटाळलं होतं. पुण्याच्या एका खासगी संस्थेचा चकचकीत अभ्यासक्रम होता, त्यात शिकणाऱ्याच्या डोळ्यांवरही पडद्याची नजर असे. तो प्रतिरूपाने रागारागाने सोडला होता. तिसरा अभ्यासक्रम कारखान्यातल्या यंत्रांच्या आज्ञावल्यांचा, दिसायला अगदीच रूक्ष. त्यात मात्र ते शेवटपर्यंत गेलं होतं, तेही चांगल्या गुणांनी.

"हा घ्या," गेडाम सर खुशीत म्हणाले. "आता हेच प्रतिरूप दोन वर्षं तुमचं सहपाठी. तुमच्या एक धडा पुढे राहते. तुम्ही कुठे चुकणार ते आधीच सांगते. हात धरून पार नेते, म्हणा ना." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "पाहा, कसा अभ्यास केला तुम्ही."

रेवतीने पाहिलं, कारण पाहायला सांगितलं होतं. प्रतिरूपाने शेवटचा धडा आधी उघडला होता. मग त्याच्या आधीचा, आणि असं करत करत ते पहिल्यावर आलं होतं. आज्ञावली लिहिताना ओळींच्या मध्ये लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टिपा ठेवायच्या असतात. यंत्र त्या वाचत नाही. एका चुकलेल्या आज्ञावलीत टीप होती, 'राजा, आता तरी चाल.' थोडं खाली आणखी एक होती, 'रुसला का रे राजा?'

तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

प्रफुल स्कूटरला राजा म्हणायचा. मिक्सरला, पाण्याच्या मोटारीला, कारखान्यातल्या त्या माल वाहणाऱ्या अजस्र पट्ट्यालासुद्धा. रेवतीला मात्र तो कधी राजा म्हणाला नव्हता, आणि त्यावरून ती त्याला चिडवायची. पेपर तो मागच्या पानापासून वाचायचा, सिनेमाचा शेवट आधी विचारून घ्यायचा.

तिला सगळं लक्षात आलं. नवीन फोन बाईच्या नावावर घेतला की सवलत मिळायची, म्हणून त्यांच्या गल्लीत सगळ्याच घरांनी तसंच केलं होतं. नंबर रेवतीच्या नावावर, फोन प्रफुलच्या खिशात. ती त्याचा जुना फोन वापरायची, त्याच्या नावावरचा. त्यावर ती माहेरी बोलायची, रांगोळ्या पाहायची, आणि गेले काही महिने तर नुसतीच काळ्या पडद्याकडे बघायची.

"हे बोलते का?" तिने विचारलं.

"विचारा ना."

रेवतीने घसा साफ केला. "शेवटचा धडा आधी काहून घेतला?"

"शेवट माहीत असला की मग मधलं भेव वाटत नाही," आवाज आला. आवाज रेवतीचाच होता. बोलणं तिचं नव्हतं.

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि मग सुनेकडे. रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, आणि इतक्या महिन्यांनी ते गरम लागलं याचंच तिला नवल वाटलं.

गेडाम सर गडबडले. "ताई, हे तुमचंच आहे ना? कधीकधी घरात फोनची अदलाबदल असते. तसं असलं तर आत्ताच सांगा. हे पुसून टाकू अन् तुमचं नवीन करू. दुसऱ्याचं सहपाठी घेऊन काही फायदा नाही. ते त्याच्या चुका सांगत बसते, तुमच्या नाही. अन् संधी तर एकच आहे."

"पुसलं की परत येते?"

"नाही, ताई. नियमच आहे तसा."

पडद्यावर दोनच बटणं होती, 'माझंच आहे' आणि 'माझं नाही'. दोन वर्षं रोज संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर तो तिच्या एक धडा पुढे बसणार होता, यंत्रांचे रुसवे काढणार होता, त्यांना राजा म्हणणार होता. आणि ती जिथे अडेल तिथे त्याला काहीच कळणार नव्हतं. दुसरीकडे होती ती स्वतः, जुन्या फोनमधल्या चार रांगोळ्या आणि एक काळा पडदा. त्यातून काय उभं राहील, आणि ते पहिला आठवडा तरी टिकेल का, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "काय करू मी?"

कुसुमबाईंनी तिच्या हातातली बशी काढून टेबलावर ठेवली. पडद्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. तो त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तुले शिकाचं हाये, का त्याच्यापाशी बसाचं हाये?"